ताओ देवीची ओंजळ

तुम्हाला सांगतो, जळगावच्या माझ्या दुकानातल्या स्कॅनरवर रोज लग्नपत्रिकांचे गणपती चढायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे आमच्या कॉलेजच्या सपकाळे मॅडम आल्या. त्या इतिहास शिकवायच्या. चीनमधल्या ताओ पंथाच्या देवळांतल्या, आता जगभरच्या संग्रहालयांत गेलेल्या कापडी चित्रांचे फोटो त्यांनी आयुष्यभर जमवले होते. ते सगळे त्यांना देवांच्या नावांनी कॉम्प्युटरवर लावून ठेवायचे होते, म्हणजे अभ्यास करणाऱ्याला हवं ते चित्र चटकन सापडेल.

एका दुपारी माझ्याकडून चुकून दोन फोटो शेजारीशेजारी उघडले गेले. त्या काळी चित्र पडद्यावर ओळीओळीने वरून खाली उतरायचं. डावीकडे सुरई धरलेला म्हातारा ऋषी आला, उजवीकडे ओंजळ पुढे केलेली देवी.

"बंद कर रे, ही दोन वेगळ्या संग्रहालयांतली चित्रं आहेत," मॅडम म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. "नको. हात लावू नकोस."

ऋषीमागचा ढग फोटोच्या कडेला तुटला होता, तो देवीच्या फोटोत तसाच पुढे गेला होता. त्याच्या सुरईतली धार थेट तिच्या ओंजळीत पडत होती. एकाच चित्राचे ते दोन तुकडे होते!

मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"मी माझ्या पुस्तकात लिहिलंय, ही देवी भिक्षा मागतेय," त्या हळूच म्हणाल्या.

"मग पुस्तक चुकलं की, मॅडम!"

"चुकू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिला मिळालं रे, मिळालं."