जाव्यातला उखाणा

त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला नि अकोल्याच्या डाकघरात रांगा लागू लागल्या. नसीमबानोच्या पुढं पार्वताबाई उभी होती. हातात जावा बेटावरच्या लेकीला धाडायचं पत्र, सोबत नणंद दुर्गाबाई.

"वहिनी, जावई तिथं कापूस पारखते, समजलं. पन रुख्मिणीले वलंदेजी काहून शिका लागते?"

"राज्यच वलंदेजायचं, त्या डच गोऱ्यायचं. राहाचा परवाना पाह्यजे त बाईनं सोताच्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगा लागते."

"अगं माय! घेतलं तिनं?"

"तीन खेपा कचेरीतून तशीच वापस आली. चौथ्या खेपेले उखाना घेतला."

"मराठीत?"

"वलंदेजीत! सोताच जुळवला."

"सायेब हासला असन."

"नाई. कलम खाली ठेवली, म्हने पुन्ना म्हना. मंग पुरा उखाना दप्तरात लिहून घेतला."

खिडकी आली.

"पाठवणार कोण?" कारकुनानं विचारलं.

"पार्वताबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"थांबा, मी सांगतो," दुर्गाबाई लगबगीनं पुढं झाली. "माह्या भावाचं नाव—"

"तू थांब, दुर्गा. खुशालराव."

"ऐकू नाही आलं."

"खुशालराव!"

सगळी रांग वळली.

"सुभानअल्ला," नसीमबानो पुटपुटली.