धोंडूबाईच्या नावावर

धोंडूबाई : मग या खुर्चीत कोन बसलंय? भूत?

क्षितिजा : मावशी, मी नाही म्हणत तसं. नोंदीत आहे. धोंडूबाई प्रल्हाद घरत, राहणार गास. लेप्टोच्या तापानं दाखल, दुसऱ्या दिवशी मृत्यू. गेल्या महिन्यात.

धोंडूबाई : ऐकलंस का रे नथू? म्हंजे माझं तेरावंपन उरकलं. मला मेलीला जेवायलासुद्धा बोलावलं नाय.

नथू : वैनी, गप बस ना जरा.

धोंडूबाई : गप काय बसू? पाय सडतोय माझा. खाली डॉक्टर म्हनतो, आजच भरती व्हा, साखरेनं बोटं खाल्लीच हायत, अजून थांबलात तर पाय जाईल. नि काउंटरवरची पोर म्हनते, आजी, तुम्हाला भरती नाय करता येत, तुम्ही मयत आहात. अशी तोंडावर. वर विचारते, पानी हवंय का?

क्षितिजा : म्हणूनच तिनं तुम्हाला वर पाठवलं. मी क्षितिजा. मी डॉक्टर नाही. या हॉस्पिटलात जो येतो त्याची सगळी माहिती संगणकात जाते. कोण आलं, काय झालं, कुठलं औषध दिलं. ती माहिती बरोबर राहावी, हे माझं काम.

धोंडूबाई : म्हंजे चित्रगुप्त.

क्षितिजा : पगारी चित्रगुप्त म्हणा. पण मावशी, माझ्याही हातात सगळं नाही. सरकारी योजनेतून फुकट उपचार हवे असतील तर माणूस आधी जिवंत लागतो. तुमच्या मृत्यूची नोंद मला मागे घ्यावी लागेल. आणि ती घ्यायची तर एक गोष्ट कळायला हवी. त्या दिवशी त्या खाटेवर एक बाई खरोखर गेली आहे. ती कोण?

नथू : चुकून झालं असंल. नावाला नाव असतं.

क्षितिजा : नुसतं नाव नाही, काका. योजनेचं कार्ड मावशींचं. पत्ता मावशींचा. मोबाइल तुमचा.

नथू : आमच्या घरात सगळ्यांना माझाच मोबाइल देतात.

क्षितिजा : आणि सोबत आलेल्याचं नाव नथू घरत. नातं, दीर.

धोंडूबाई : सांगून टाक. नायतर मी सांगते.

नथू : वैनी!

धोंडूबाई : काय वैनी? बाई, ती माझी जाव. सुनंदा. याची बायको. तिला जाळून महिना झाला, नि अजून तिच्या मरनावर माझं नाव. तिकडं तिचं नाव कुठंच नाय. जशी काय अजून शेतावर गेलीय नि संध्याकाळला येनार हाय.

क्षितिजा : काका, मी पोलीस नाही. पण मला खरं हवं.

नथू : खरं तेच हाय. रेशनकार्डात तिचं नाव नव्हतं. भावाभावांची वाटनी झाली तवा माझं कार्ड वेगळं करायचं होतं. आज करू, उद्या करू, राहून गेलं. कार्डात नाव नाय म्हंजे योजनेत नाव नाय. भाताच्या खाचरात उभी होती, तिथंच थंडी वाजून आली. दोन दिवसांत डोळे पिवळे. मग बरळायला लागली, मला ओळखीना. तवा वैनीनं डब्यातनं आपलं कार्ड काढून दिलं.

धोंडूबाई : मीच दिलं. म्हनलं, जा घेऊन. बरी झाली की माझं मला परत कर.

क्षितिजा : पण भरती करताना कार्डवाल्याचा अंगठा लागतो.

नथू : लावला की. तिचाच लावला. नाय घेतला मशीननं. काउंटरवरचा म्हनला, तुम्हा शेतातल्या मानसांच्या बोटांना रेघाच उरत नाय. त्यानं काय तरी दाबलं नि गाडी पुढं गेली.

क्षितिजा : ते बटण.

नथू : काय?

क्षितिजा : ते मी घालून घेतलं होतं. भातशेतीवाले, मिठागरातले, मासळी साफ करणाऱ्या बायका. अंगठा उमटत नाही म्हणून आजारी माणसं परत पाठवायचे. मी भांडून ती सोय करून घेतली. ठसा उमटला नाही तर कार्डावरचा फोटो बघा आणि पुढे जा.

धोंडूबाई : फोटोत तर मी हाय.

क्षितिजा : हो.

धोंडूबाई : ती माझ्याहून उजळ. नि तिचे दात सगळे होते.

क्षितिजा : गर्दीत फोटो कोणी बघत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. असो. आता ऐका. त्या भरतीची सगळी नोंद, आत आल्यापासून शेवटपर्यंत, मी मावशींच्या फाइलमधून काढून सुनंदाताईंच्या फाइलमध्ये नेणार. ती तिथे गेली की मावशी जिवंत. मग खाली लगेच भरती.

धोंडूबाई : म्हंजे तिला मारायचं नि मला उठवायचं.

क्षितिजा : जे झालं ते जिथल्या तिथे ठेवायचं. काका, सुनंदाताई आधी कधी या हॉस्पिटलात आल्या होत्या?

नथू : एकदा. दाढ सुजली होती. लई वर्सं झाली, करोनाच्या आधी. तवा पैसे भरले होते, स्वतःच्या नावानं.

क्षितिजा : मग जुनी फाइल असेल. सुनंदा नथू घरत. आहे.

(क्षितिजा पडद्याकडे बघत राहते.)

धोंडूबाई : काय झालं? ती जिती निघाली का काय?

क्षितिजा : मावशी, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता? मला काकांशी बोलायचंय.

धोंडूबाई : या पायानं? मी कुठं जात नाय. बोला.

क्षितिजा : काही नाही. नोंद हलवायला थोडा वेळ लागेल, एवढंच.

नथू : मघापासून तुमी माझ्याकडं बघून बोलत होता. आता बघत नाय.

क्षितिजा : काका...

नथू : काय हाय तिच्या फाइलीत?

क्षितिजा : दाढेच्या वेळी त्यांना एक इंजेक्शन दिलं होतं. आठवतं?

नथू : न आठवायला काय झालं? सुई दिली नि तोंड फुगलं. ओठ असे, डोळे मिटले. अंगभर गांधी. श्वास घेईना. डॉक्टर धावत आला, दुसरी सुई दिली तवा कुठं शुद्धीवर आली. मला बाजूला घेऊन म्हनला, हे औषध हिला जन्मात पुन्हा द्यायचं नाय. हिला ते विष हाय.

क्षितिजा : इथे लाल अक्षरांत आहे ते. पेनिसिलिन. त्यांची फाइल कोणीही उघडली की सगळ्यात आधी हेच दिसतं. बाजूला केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

धोंडूबाई : मग चांगलंय की. मग काय झालं?

क्षितिजा : मावशी, लेप्टोच्या रोग्याला तेच देतात.

धोंडूबाई : आनि माझ्या फाइलीत काय लिवलंय?

क्षितिजा : साखर आहे. बीपी आहे. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय. ॲलर्जी, नाही.

धोंडूबाई : नाय. मला कशाचंच काय होत नाय. कायपन पचतं मला.

नथू : आमाला सांगितलं, ताप रक्तात गेला नि काळीज थांबलं.

क्षितिजा : नोंदीत आहे, औषध दिल्यावर अंगावर गांधी, घसा सुजला, रक्तदाब पडला. त्यांनी प्रयत्न केले, काका. पण लेप्टोनं आधीच खूप थकल्या होत्या.

नथू : मला विचारलं होतं.

क्षितिजा : कोणी?

नथू : सिस्टरनं. बारकीशी पोर, गळ्यात क्रूस. सुई तयार होती तिची. म्हनली, यांना कुठलं औषध सोसत नाय असं हाय का? बाई, गासपासून रिक्षात सगळी वाट मी घोकत आलो होतो. वय वैनीचं. साखर वैनीची. गोळ्या वैनीच्या. ऑपरेशन झालं तेपन वैनीचं. काय विचारतील ते वैनीचं सांगायचं. एक जरी चुकलं तर पकडतील, तिला तशीच बाहेर काढतील. सगळं पाठ केलं होतं मी. एकपन चुकलो नाय. तिनं विचारलं नि मी म्हनलो, नाय. हिला कायपन चालतं.

धोंडूबाई : नथू.

नथू : मला ठाऊक होतं. मीच तर बघितलं होतं तिचं तोंड सुजलेलं. पन त्या वक्ताला माझ्या डोक्यात ती नव्हतीच. तूच होतीस सगळी.

धोंडूबाई : कार्ड मी दिलं होतं रे.

नथू : मग ती घुसमटायला लागली, तर मला बाहेर काढलं. म्हनले, तुम्ही दीर ना? घरची कोनी बाई असंल तर बोलवा. मी बाहेर गेलो. बाहेर जाऊन उभा राहिलो, बाई. नवरा हाय, एवढंपन बोललो नाय.

क्षितिजा : काका, पाणी घ्या. ठसा न घेता पुढे जायची सोय मी केली होती. दोष धरायचा तर हेही त्यात धरा.

धोंडूबाई : बाई, आता त्याचे वाटे नका पाडू. मी सांगते तसं करा. हलवू नका ते. राहू द्या माझ्या नावावर. मेले तर मेले.

क्षितिजा : आणि पाय?

धोंडूबाई : बघू दुसरीकडं. विरारला जाऊ, कुठंपन जाऊ.

क्षितिजा : योजना सगळीकडे एकच आहे, मावशी. जाल तिथे तुम्ही मृतच निघाल.

धोंडूबाई : मग जाऊ दे पाय. तुमाला कळत नाय. सुनंदाचा परेश हाय, फुलपाड्याला राहतो. आई म्हंजे जीव त्याचा. त्याला हे कळलं तर तो बापाच्या दारात पाऊल टाकनार नाय. ते लाल हाय ना, तेवढं पुसा. मग हलवा.

क्षितिजा : ते मला पुसता येत नाही. आणि येत असतं तरी मी पुसलं नसतं.

धोंडूबाई : मघाशी म्हनलात, माहिती ठेवायची तुमचं काम. मग मानसं ठेवायचं कोनाचं?



नथू : हलवलं म्हंजे पुढं काय होतं?

क्षितिजा : समितीकडे जातं. दुसऱ्याचं कार्ड वापरल्याची चौकशी होईल. तुमची होईल, काउंटरवाल्याची होईल, माझीही. आणि एक चौकशी आधीच चालू आहे. त्या सिस्टरची. जेसिका नाव तिचं. त्या दिवसापासून तिला वॉर्डात घेत नाहीत. सुईआधी तिनं ॲलर्जी विचारलीच नाही, असं म्हणणं आहे.

नथू : विचारली होती.

क्षितिजा : तीही तेच सांगते. पण पडद्यावर नुसतं 'नाही' आहे, आणि ते मावशींच्या जुन्या फाइलमधून आपोआप आलेलं आहे. तिनं विचारलं का, कोणाला विचारलं, हे त्यातून कळत नाही. बाजूला दुसरं कोणी नव्हतं.

नथू : मी होतो.

क्षितिजा : तुम्ही होतात. पण काका, नीट समजून घ्या. मावशींना जिवंत करायला तुम्ही एवढंच लिहून दिलंत तरी चालेल, की गेली ती सुनंदा. सिस्टरचं लिहून द्या असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ते लिहिलंत की दोष तुमच्याकडे येतो. परेशला कळेल.

धोंडूबाई : नको रे. तेवढं नको लिवू. पोर तरनी हाय, तिला दुसरीकडं नोकरी मिळंल. तुला दुसरा पोरगा नाय.

नथू : वैनी, पायावरचं फडकं ओलं झालंय तुझं.

धोंडूबाई : होऊ दे.

नथू : वास येतोय. तू पन गेलीस म्हंजे? एका नावावर दोघी?

(धोंडूबाई लुगड्याचा काठ ओढून पायावरचं फडकं झाकते.)

नथू : बाई, घ्या लिवून. मी सांगतो, तुमी लिवा, मी सही करतो.

क्षितिजा : सांगा.

नथू : आधी तिचं नाव. सुनंदा नथू घरत. मग माझं. नवरा म्हनून लिवा.

क्षितिजा : लिहिलं.

नथू : आता लिवा, त्या पोरीनं मला विचारलं होतं. एकदा नाय, दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा माझ्या हातावर हात ठेवला नि म्हनली, घाई नको काका, नीट आठवून सांगा.