बरोबरीच्या मॅचचा चहा

चुडावा गावासंगच्या मॅचचा चहा मला कसा महागात पडला, ऐका. आमच्याकडं हरलेली टीम दोन्ही टीमला चहा पाजते. त्या रविवारी शेवटच्या बॉलला अंपायरनं रनआऊट दिला अन् मॅच बरोबरीत सुटली. बावीस जण माझ्या टपरीवर चहा प्याले. पैसे मागितले तर दोन्ही कॅप्टन खिदळायलेत.

"काकू, आमी हरलोच न्हाई!"

"मग ही बरोबरी केली कुणी?"

सगळ्यांनी अंपायरकडं बोट दाखवलं. अंपायर माझाच नवरा!

"काढा पैसे," मी म्हणलं.

"अगं, सकाळी तूच खिसा झाडून घेतलास की!"

"मग कप विसळा. बावीसच्या बावीस."

विसळले. तवापासून आमच्या गावात एकबी मॅच बरोबरीत सुटली न्हाई.