अकरावं बावखल

अल्पेश : पण बाई, सर तर श्रावणात गेले ना?

सरोजिनीबाई : दुसऱ्या सोमवारी. चपला आत घे, जिन्यात कुत्रं येतं.

अल्पेश : मग परवा मंगळवारी माझी लिंक कोणी काढली?

सरोजिनीबाई : बस आधी. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो. इथे बस.

अल्पेश : इंटरनेटवरच्या ज्ञानकोशावर स्पष्ट आहे. 'कृष्णा सामंत यांनी बदल उलटवला.' सकाळी दहा चाळीसला. आणि काल आई सहज बोलता बोलता म्हणते, सामंत सर गेले, तुला सांगायचं राहिलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सरोजिनीबाई : मीच काढली. चहात साखर चालते ना?

अल्पेश : तुम्ही? सरांच्या नावाने?

सरोजिनीबाई : पासवर्ड त्यांनी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. गॅसच्या नंबराखाली.

अल्पेश : म्हणजे तीन आठवडे मी तुमच्याशी भांडतोय.

सरोजिनीबाई : हो.

अल्पेश : तुम्हाला माहीत होतं मी आहे ते?

सरोजिनीबाई : 'अल्पेश लगून रिसॉर्ट' असं नाव घेऊन आलास, अजून काय माहीत व्हायचं? चौथीतसुद्धा खोडी काढून पाटीवर स्वतःचं नाव लिहून ठेवायचास.

अल्पेश : बाई, मी तिथे लिहिलं होतं... चर्चेच्या पानावर. 'काका, तुम्हाला दुसरं काम नाही का?' असं.

सरोजिनीबाई : वाचलं.

अल्पेश : मला वाटलं कोणीतरी पुण्याबिण्याचा रिकामा माणूस असेल. सामंत आडनाव काय, शंभर असतात. आपले सर असतील असं डोक्यातच आलं नाही. सर कॉम्प्युटरवर बसायचे?

सरोजिनीबाई : रिटायर झाल्यावर शिकले. करंजभाटच्या बावखलांचा तो लेख त्यांनीच सुरू केला, नऊ वर्षं झाली. पहिलं वाक्य आठवतं तुला?

अल्पेश : 'बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं.'

सरोजिनीबाई : ते वाक्य लिहायला त्यांना दोन दिवस लागले. आधी अर्धं पान होतं. मी म्हटलं, तिसरीच्या पोराला कळेल असं लिहा.

अल्पेश : बाई, चहा राहू दे. मी वेगळ्या कामाने आलोय. तुम्ही आज तिथली नोटीस बघितली?

सरोजिनीबाई : सकाळी चष्मा सापडला नाही. वाच.

अल्पेश : तिथले जे प्रचालक आहेत ना, देखरेख करणारे, त्यांनी टाकलीय. 'सदस्य कृष्णा सामंत आणि सदस्य अल्पेश लगून रिसॉर्ट, तुम्ही दोघांनी मिळून हा लेख एकवीस दिवसांत चौतीस वेळा फिरवला आहे. लेख आठवडाभर कुलूपबंद करत आहोत.'

सरोजिनीबाई : चौतीस? मला वाटलं वीसेक असतील.

अल्पेश : पुढे ऐका. 'बावखलांच्या नावांना एकच प्रसिद्ध संदर्भ मिळतो, तो रिसॉर्टच्या संकेतस्थळाचा. तिथे दहा नावं आहेत. अकराव्या नावाला संदर्भ नसल्याने ते वगळलं आहे. रिसॉर्टच्या सदस्याने यापुढे लेखात थेट बदल करू नये, चर्चेच्या पानावर विनंती करावी.'

सरोजिनीबाई : तुमच्या संकेतस्थळावर ती नावं कुठून आली रे?

अल्पेश : बाई...

सरोजिनीबाई : विचारते आहे.

अल्पेश : सरांच्या लेखातून. मीच उचलली. मग लेखात संदर्भ म्हणून आमच्या साइटची लिंक दिली.

सरोजिनीबाई : म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहायचं, आणि वर शेजाऱ्यालाच विचारायचं, माझं बरोबर आहे ना?

अल्पेश : धंद्यात चालतं सगळं. करंजभाट शोधलं की पहिला हाच लेख येतो. परेशभाई म्हणाले, तिथे आपलं नाव हवं. परेशभाई म्हणजे रिसॉर्टचे मालक.

सरोजिनीबाई : आणि अकरावं?

अल्पेश : अजून नोटीस संपली नाही बाई. खरं ते पुढे आहे. 'सदस्य कृष्णा सामंत यांनी नऊ तारखेला लिहिलं आहे...' तुम्हीच लिहिलंत ते, मी आजच वाचलं. 'सर असते तर त्यांनी तुला असं करू दिलं नसतं.'

सरोजिनीबाई : बरोबर लिहिलंय.

अल्पेश : सरांच्याच खात्यातून, बाई! सर स्वतःच म्हणतायत, सर असते तर.

सरोजिनीबाई : ...हो की. हे लक्षातच नाही आलं.

अल्पेश : त्यांच्या आलं. विचारलंय, 'हे खातं नक्की कोण वापरतं? आज संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यावं.' एकाचं खातं दुसऱ्याने वापरायचं नाही, तिथला नियम आहे. वापरलं तर खातं कायमचं बंद.

सरोजिनीबाई : किती वाजले?

अल्पेश : सव्वाचार.

सरोजिनीबाई : मग चहा होईल. दूध उतू जाईल, थांब.

अल्पेश : बाई, तुम्ही असं का केलंत? स्वतःचं खातं काढायला दोन मिनिटं लागतात. मी काढून दिलं असतं.

सरोजिनीबाई : तेरावं झालं, माणसं गेली. लेक संपदाही परत पुण्याला गेली. दहा वाजले की ते कॉम्प्युटर लावायचे, साडेबाराला उठायचे. मी दहाला लावला. काय करायचं ते माहीत नव्हतं, नुसता लावून बसले. सात-आठ दिवस तशीच. मग तुझी लिंक आली.

अल्पेश : आणि तुम्ही काढलीत.

सरोजिनीबाई : काढली. तिथे लगेच त्यांचं नाव उमटलं, बाजूला आजची तारीख. तू परत टाकलीस, मी परत काढली. परत नाव, परत तारीख. खरं सांगू का, चौतीस झाले हे कळलं नाही, त्याचं कारण ते आहे. तू टाकत होतास हे मला बरंच वाटत होतं. संपदा म्हणते, आई रडत नाहीस, डॉक्टरला दाखवू. दाखवलं. ते म्हणाले, सकाळी चालायला जा. खाली बागेला दोन फेऱ्या मारते. बिस्किट घे.

अल्पेश : बाई, ऐका. सांगायचंच नाही. मी लिहितो, आमचा वाद मिटला, सदस्य सामंत माझे सर आहेत, म्हातारपणामुळे चुकून काहीतरी लिहिलं गेलं. खातं राहील. तुम्ही रोज दहाला बसा, काय बसायचं ते. कोण बघायला येतंय?

सरोजिनीबाई : छत्तीस वर्षं आम्ही दोघांनी पोरांना एकच सांगितलं. दुसऱ्याच्या वहीत आपण लिहायचं नाही.

अल्पेश : दुसऱ्याच्या कुठे? नवऱ्याची वही.

सरोजिनीबाई : त्यांना चाललं नसतं. वह्या तपासायच्या माझ्या हिरव्या पेनालासुद्धा हात लावायचे नाहीत.

अल्पेश : मग मी लिंक काढायला सांगतो. परेशभाईंना काहीतरी सांगेन.

सरोजिनीबाई : लिंक गेली की संदर्भ गेला. संदर्भ गेला की दहाही नावं जातील. आता आपली नावं तुमच्या स्विमिंग पूलच्या आधाराने उभी आहेत. राहू दे लिंक.

अल्पेश : चौथीच्या वह्या आहेत ना? सरांनी आम्हाला वाडी-वाडीत पाठवलं होतं. घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एकेक नाव आणायचं. त्या वह्यांचे फोटो टाकू.

सरोजिनीबाई : माळ्यावर आहेत. सरांनी विचारून बघितलं होतं. ज्ञानकोशवाले म्हणाले, कुठेतरी प्रसिद्ध झालेलं हवं. त्यांचंही चूक नाही, कोणीही उठून वही दाखवेल. तू कुठलं नाव आणलं होतंस?

अल्पेश : तुम्हाला माहितीये.

सरोजिनीबाई : मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मला काही होणार नाही, सांग.

अल्पेश : सुईणीचं बावखल. हंसाआजीने सांगितलं होतं.

सरोजिनीबाई : काय म्हणाली होती?

अल्पेश : 'गावानं जल्माला आलेल्या पोराची पयली आंगोल त्याच पान्यानं. मीच घातली समद्यांना. तुला पन.' वर म्हणाली, तुझ्या मास्तरीणबाईच्या पोरीला पण घातली, ती लय रडली.

सरोजिनीबाई : संपदा. आम्ही देवरुखकडची माणसं, गावात नवीन. तुझी आजी घागर घेऊन स्वतः दारात आली. मी म्हटलं, पाणी उकळलंय का? म्हणाली, बाई, उकलून आनलाय, शिकवू नको.

अल्पेश : तिथे आता पार्किंग आहे.

सरोजिनीबाई : माहीत आहे.

अल्पेश : मी लागलो तेव्हा भराव पडून गेला होता, बाई. परेशभाई म्हणाले, दहाच टाक. अकरावं टाकलं तर पाहुणे विचारतील कुठे आहे, आणि विचारायला नुसते पाहुणेच येतात असं नाही, तलाठीही येतो. मी दहा टाकली.

सरोजिनीबाई : चहा गार होतोय.

अल्पेश : तुम्ही ओरडत का नाही?

सरोजिनीबाई : मला आतून काही येतच नाही रे हल्ली. राग नाही, काही नाही. फक्त ते नाव तिथे असावं एवढं वाटतं. सर गेले त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी ते पान उघडून अकरा मोजली होती. बोट लावून, पोरांसारखी. मला तिथे दहा बघवणार नाहीत.

(अल्पेश मोबाइलवर काहीतरी करत राहतो.)

अल्पेश : टाकलं.

सरोजिनीबाई : काय?

अल्पेश : आमच्या साइटवर. अकरावं. 'सुईणीचं बावखल. गावातल्या बाळांच्या पहिल्या आंघोळीचं पाणी इथलं असे. सध्याच्या पार्किंगच्या जागी.'

सरोजिनीबाई : मी तुला टाक म्हटलं नव्हतं.

अल्पेश : नव्हतं म्हटलं.

सरोजिनीबाई : मालकांनी बघितलं तर?

अल्पेश : ते साइट वाचत नाहीत, फोटो बघतात. वाचतील तेव्हा वाचतील.

सरोजिनीबाई : आणि तुझी नोकरी?

अल्पेश : बोळिंजला एका क्लासवाल्याला माणूस हवाय. पगार कमी आहे. बघू. बाई, आता लेखात कोण टाकणार? मला तिथे बंदी.

सरोजिनीबाई : मलाही आज होईल. कॉम्प्युटर लाव. मी सांगते, तू लिही, माझी बोटं हळू चालतात. त्यांच्याच खात्यातून.

अल्पेश : सांगा.

सरोजिनीबाई : 'कृष्णा सामंत यांचं श्रावणात निधन झालं. त्यानंतर या खात्यातून झालेलं सगळं लेखन त्यांच्या पत्नीचं, सरोजिनी सामंत यांचं आहे. नियम माहीत नव्हता.' नको, ते खोड.

अल्पेश : कुठलं?

सरोजिनीबाई : नियम माहीत नव्हता, ते. कोणी विचारलं नाही. पुढे लिही. 'अकराव्या बावखलाचं नाव आता संदर्भात आलं आहे. आम्हा दोघांना ते लेखात घालता येणार नाही. कुलूप निघालं की कोणीतरी घालावं.'

अल्पेश : कोणीतरी?

सरोजिनीबाई : ते म्हणायचे, तिथे कोणीतरी असतंच.

अल्पेश : ...झालं. बाई, हे पाठवलं की खातं बंद. परत उघडणार नाही.

सरोजिनीबाई : हो.

अल्पेश : नक्की?

सरोजिनीबाई : पाठव.

अल्पेश : खाली एक चौकट आहे. बदल कशासाठी केला, ते लिहायचं असतं. काय लिहू?

सरोजिनीबाई : ते काय लिहायचे बघ. मागे इतिहासात सापडेल.

अल्पेश : बघतो... सगळीकडे एकच आहे. नऊ वर्षं. 'किरकोळ दुरुस्ती.'

सरोजिनीबाई : मग तेच लिही.