गरम प्लग

स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक मेकॅनिक आणि त्याची मुलगी उभे होते.

“नायट्रस गॅसवर पळणाऱ्या गाडीला थंड स्पार्क प्लग लागतात, बाबा. गरम प्लगनं इंजिन जळतं.”

“मला शिकवतेस? तीस वर्षं हेच करतोय.”

“मग शर्यतीच्या दिवशी गरम का बसवलेत?”

“चुकून झालं.”

“तुमच्या हातून? पहिल्याच फेरीत पिस्टन वितळला, गाडी बंद पडली.”

“तू धड घरी आलीस ना?”

“म्हणजे मुद्दाम केलंत.”

“तुझ्या आईनं काळजीनं जेवण सोडलं होतं.”

“आईला मध्ये आणू नका. ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतंत.”

“ऐकलं असतंस?”

“नसतं. पण तुमच्यावर विश्वास तरी राहिला असता.”

“बरं, घे थंड. मी बसवून देतो.”

“गाडीला हात लावायचा नाही तुम्ही.”

“निदान प्लगची फट कमी ठेव. नाहीतर ठिणगी विझते.”

“माहीत आहे. तुम्हीच शिकवलं होतंत.”