पप्पांचा ब्रेक

...नाही हो, गाडी थांबतच नव्हती असं मी कुठं म्हणतेय? थांबायची! आमच्या पप्पांची गाडी दर वेळी थांबायची, फक्त आपण म्हणू तिथं नाही, तिला वाटेल तिथं! आणि त्यावर काही बोलायला जावं तर पप्पांचं एकच, "ब्रेक लागतोय ना शेवटाला? मग!"

तुम्हाला सांगते, मी दिल्लीत शिकले, गावासाठी काहीतरी करायचं म्हणून परत आले, समाज बदलायला आले, आणि अडकले कुठं? तर ब्रेकच्या पॅडमध्ये! कारण दीक्षावहिनीला नववा लागलेला, दादा पुण्याला कंपनीत, म्हणजे कळा आल्या की तिला भिवपुरीहून कर्जतच्या दवाखान्यात नेणार कोण? पप्पा! ह्याच गाडीतून! मी म्हटलं, पप्पा, चाकातून खर्र खर्र आवाज येतोय, पॅड झिजलेत. "बरंय की, हॉर्न वाचतो." पेडल पार तळाला जातंय. "मग पाय लांब करायचा." ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते हो! "आपलं घर डावीकडंच हाय." जळका वास येतो... "नाक दिल्लीचं झालंय तुझं." आणि वर, "लागतोय ना शेवटाला?"

मग मी काय केलं? रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना बसवून घेतलं आणि ब्रेक खराब झालेला कसा ओळखावा यावर बोलले, अगदी पोटतिडकीनं! लडकूमामा उठले. मला वाटलं, शंका असेल. "पोरी, आमच्या बैलांना कुठं व्हता गं बिरेक?" सगळा विहार हसला, पप्पा सगळ्यांत मोठ्यानं. छायाआत्या म्हणे, "चांगलं बोलतेस गं, पण चहा उकळतोय."

शेवटी काम केलं ते फाटकानं. वहिनीला तपासणीला नेत होतो, उतार, समोर रेल्वेचं फाटक पडतंय, पप्पा पेडल हापशासारखं हाणतायत, आई खिडकीतून ओरडतेय, "सरका रं, सरका, आमचं काय खरं नाय!"... आणि गाडी फाटकाला टेकून थांबली. अगदी टेकून, मुका घेतल्यासारखी! पप्पा घाम पुसत काय म्हणाले असतील? बरोबर. "लागला ना शेवटाला?" वहिनी पोटावर हात धरून हळूच खाली उतरली आणि एवढंच म्हणाली, "पप्पा, मी घरीच बाळंत होते."

याला म्हणतात भाषण! दुसऱ्याच दिवशी कुंभिवलीचा प्रीतम मेकॅनिक मोटारसायकलवर सामान बांधून दारात. पॅड नवे, ऑइल नवं, सगळं नवं. मी म्हटलं, जिंकले! पण पप्पांचा पाय जुनाच ना? इतकी वर्षं शंभर पावलं आधीपासून पेडल तुडवायची सवय. आता तुडवलं की गाडी जागच्या जागी खाडकन उभी, आणि आमची डोकी पुढच्या सीटवर!

कळा सुरू झाल्या त्या सकाळी तेच. दवाखाना समोर दिसतोय, पप्पांनी सवयीनं लांबूनच पाय दाबला, गाडी भर रस्त्यात ठप्प, इंजिन बंद, पुन्हा चालू होईल तर शपथ! मागं टेंपोवाला शिव्या देतोय, मग काय, वहिनी एका बाजूनं आईच्या खांद्यावर, एका बाजूनं माझ्या, चालत! आणि मी मनात म्हणतेय, बाई गं, हे ब्रेक मीच बसवायला लावले...

मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "थोडं चालवत आणलंत ते बरं केलंत, सोपं गेलं तिला." संपलं! पप्पांनी ते वॉचमनपासून रसवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. "मुद्दामच लांब उभी केली व्हती!"

आता गावातल्या आणखी दोन सुनांना आठवा लागलाय. काल दोघींच्या सासवा घरी आल्या. मला वाटलं, गाडीचं काम झालंय हे ऐकून आल्या असतील, पटलं बाई कुणाला तरी! तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट पप्पांकडं वळल्या. "कोंडीरामभाऊ," म्हणाल्या, "आमच्या सुनेला तुमच्याच गाडीतून न्या... आन् जरा लांबच थांबवा!"