मुकादमिणीची तालीम

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडावर माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. दोघी एकाच काजूच्या कारखान्यातल्या.

"ट्रेनिंग झाला मा? मगे उद्यापासून तू मुकादमीण."

"मी नाय म्हणान सांगतलंय, आये. तुमका कशी वरडू?"

"तुझा नाव शेटांका मीच सांगलंय. गाडी येयपर्यंत माका वरडान बघ."

"हय?"

"हयच. ट्रेनिंगात शिकवल्यानी तसा."

"तुळसाबाई, काजूगर मोडतायत. जरा हळू सोला."

"मोठ्यान बोल. बाजूच्या बायकांका सुदीक आयकाक गेला नाय."

"तुळसाबाई, गप्पा कमी करा. कामाकडे बघा."

"हां. अजून?"

"तुळसाबाई, ज्याची चूक त्यालाच सांगावी, चारचौघात नाही. माझं कालवण खारट झालं तर मला सांगा. शेजारच्या काशीबाईंना नको."

"काशीबायक?"

"आये, राग इलो?"

"ह्या ट्रेनिंगात शिकवल्यानी?"

"चूक कोणाक सांगाची, ता पयल्याच दिवशी शिकवल्यानी. काशीबायचा उदाहरण तेवढा माझा."

"बरी मुकादमीण होतलंस तू. चल, गाडी इली."

"चला."

"आणि आयक, आता तुकाच सांगतंय."

"काय?"

"कालवण खारटच होता."